एकोणीस नंबरचा छाप

रेजिनाने सहा नंबरचं कार्ड चिमटीत कडेने धरलं, दिव्याखाली तिरकं केलं आणि मग थेट नाकाशी नेलं.

“वास घेऊन काय कळतं गं?” शेजारच्या टेबलावरून लिओ पावलिकने विचारलं. “तेहतीस वर्षांपूर्वीचा पाव तो. भुतंसुद्धा शिळी झाली असतील त्यातली.”

“डाग लोण्याचा की तेलाचा, ते कळतं. लोण्याचा असेल तर बेकरीतच लागलेला. तेलाचा असेल तर तुझ्यासारख्या कुणीतरी खाता खाता हात पुसलेले.”

लिओने आपली तळलेल्या पिरोगी-करंज्यांची बशी हळूच लांब सरकवली.

डाग लोण्याचा होता. रेजिनाने वहीत नोंद केली आणि सातवं कार्ड उचललं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी खेळाडूंची चित्रं असलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांचा बाजार भरे. टेबलाखाली अंथरलेल्या गोधडीवर तिची अडीच वर्षांची नेल रिकाम्या खोक्यांचे मनोरे रचत होती. नवरा शनिवारी पाळीवर जाई, त्यामुळे पोरीला काखोटीला मारून येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लोकांनाही आता त्याची सवय झाली होती. टेबलाखालून बोबडं गाणं ऐकू आलं की समजायचं, रेजिना हलुश्का आली आहे, आणि आपल्या मालाला आपण समजतो तेवढा भाव नाही.

तिचा तसा दराराच होता. संग्राहकांच्या मासिकात ती जुन्या संचांची समीक्षा लिहायची. कुणाचं मन राखायची नाही आणि पाहिल्याशिवाय लिहायची नाही. समोर होता तो ग्रुबर बेकरीचा १९५८ चा संच. अॅक्रन शहरातल्या एका वकिलाने तपासायला पाठवलेला. गावच्या स्टोकर्स संघाचे चोवीस खेळाडू, चोवीस कार्डं, आणि प्रत्येक कार्डाबरोबर पावाच्या पुड्यातून निघणारा टिचभर कागदी छाप. कागद ओला करायचा, दंडावर दाबायचा, वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि सोलायचा. कातडीवर खेळाडूचा चेहरा उमटायचा. संग्राहकांना अर्थातच न वापरलेला छाप हवा असे. तसे तीनशेच्या वर छाप रेजिनाच्या नजरेखालून गेले होते. चोवीसपैकी तेवीस नंबर त्यांत पुन्हा पुन्हा सापडत. एकोणीस नंबर कधीच नाही.

एकोणीस म्हणजे लुसिअस बार्बर, संघाचा कॅचर, तोंडाला जाळीचा मुखवटा बांधून फलंदाजामागे चेंडू झेलणारा. त्याचं कार्ड सापडे, छाप नाही. बार्बर हा संघातला एकमेव काळा खेळाडू. सहा वर्षांपूर्वी रेजिनाने लिहिलं होतं, ‘कार्ड छापणं बेकरीला भागच होतं, पण या माणसाचा चेहरा गोऱ्या पोरांच्या दंडावर बसावा, हे तिला सोसलं नाही. एकोणिसावा छाप छापलाच गेला नाही.’ त्या दोन वाक्यांनी तिचं नाव झालं होतं. लोक ती वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवत. आज तीच वाक्यं टाइप होऊन पोस्टाच्या पाकिटात बसली होती, कारण या संचाची समीक्षा आता मोठ्या सूचीत जायची होती. ही सूची दहा वर्षांतून एकदा निघे आणि संग्राहक ती उशाशी घेऊन झोपत. सोमवारी छपाई होती. पोस्ट आज एक वाजता बंद होणार होतं. बाराला वीस मिनिटं कमी होती.

“हलुश्काबाई तूच का?”

टेबलासमोर एक उंच म्हातारी उभी होती. गडद सावळा रंग, चर्चला जाताना घालतात तशी निळी टोपी, हातात पाकीट.

“मीच. बसा ना. काही विकायचंय का?”

“विकायचं असतं तर हसत आले असते. मी ओडेसा बार्बर. लुसिअसची बायको.”

लिओचा काटा बशीत वाजला.

रेजिना उठून उभी राहिली. तिने हात पुढे केला आणि मनापासून म्हणाली, “मिसेस बार्बर, तुमच्या यजमानांबद्दल मी जे लिहिलं ते—”

“तेच सांगायला आले. ते खोटं आहे.”

हॉलमध्ये लाऊडस्पीकरवर कुणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिल्याचं सांगत होते. ओडेसाबाईंनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

“तुझं लिहिलेलं आता लायब्ररीत लागलंय. ठळक अक्षरात. ‘ज्याचा चेहरा नाकारला गेला.’ लोक चर्चबाहेर मला गाठतात, हात हातात घेतात, डोळ्यांत पाणी आणतात. माझं सांत्वन करतात! कशाबद्दल? लुसिअसला या गावाने पुष्कळ काही नाकारलं, ते मला विचार, यादी करून देते. हॉटेलात खोली नाकारली, न्हाव्याने खुर्ची नाकारली. पण छाप? पोरी, त्या उन्हाळ्यात मी भाजी घ्यायला निघाले तर घरापासून पुलापर्यंत माझाच नवरा मला वीसदा भेटायचा. पोरांच्या दंडांवर.”

“मिसेस बार्बर, तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही,” रेजिना शांतपणे म्हणाली. या आवाजाला भलेभले व्यापारी वचकत. “पण आठवणीवर मी सूचीत ओळ घालत नाही. कुणाचीही आठवण असो. छाप तेवीस खेळाडूंचे होते. पोरांच्या दंडावर कोण होतं, हे तेहतीस वर्षांनी—”

“म्हणजे मला माझा नवरा ओळखता येत नाही?”

“मला दाखवता येईल असं काहीतरी हवंय.”

ओडेसाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. राग आला असावा असं वाटलं, पण त्या मान डोलावून म्हणाल्या, “बरोबर आहे. लुसिअसही पंचाच्या डोळ्यांवर कधी विश्वास ठेवायचा नाही.” आणि त्यांनी पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

सप्टेंबरातल्या कामगार दिनाची सहल. एका बुटक्या भिंतीवर दहा-अकरा पोरं ओळीने बसली होती, काळी-गोरी, नदीच्या दोन्ही काठांवरची. सगळ्यांनी बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळून उजवे दंड कॅमेऱ्यापुढे काढले होते, बैल बाजारात शिंगं मिरवतो तसे. प्रत्येक दंडावर नाण्याएवढा काळसर गोल.

“हे डाग कुणाचेही असू शकतात,” रेजिना म्हणाली. म्हणता म्हणता तिचा हात भिंगाकडे गेला होता.

तिने भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या दंडावर नुसता धब्बा. दुसरा हलला होता. तिसरी एक फावड्या दातांची गोरी मुलगी होती. तिने दंड दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, हलू नये म्हणून. रेजिनाने श्वास रोखला. मग न बघताच डाव्या हाताने संचातून एकोणीस नंबरचं कार्ड काढलं आणि फोटोशेजारी ठेवलं.

चोवीस खेळाडूंपैकी तेवीस टोपीत होते. दुसरा कॅचरसुद्धा. एकट्या लुसिअस बार्बरने जाळीचा मुखवटा कपाळावर सारला होता, डावीकडे किंचित कलता, आणि त्याखालून तो हसत होता. फावड्या दातांच्या मुलीच्या दंडावर मुखवटा होता. डावीकडे कलता.

रेजिनाने भिंग पुढच्या दंडावर नेलं. मग त्याच्या पुढच्या. ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. टेबलाखाली नेलचा मनोरा कोसळला, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

“सगळ्यांच्या दंडावर तोच आहे,” शेवटी ती म्हणाली.

“मग मी काय सांगतेय!”

“मग एक तरी उरायला हवा होता!” आता तिचा आवाज चढला. “चार नंबरचे माझ्या घरी सतरा आहेत. अकराचे, बावीसचे ढीग आहेत. कोरे करकरीत. एकोणीस का नाही एकही?”

“चार नंबर कोण?”

“ड्वाइट हॅच.”

ओडेसाबाई टोपी सावरत हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. “हॅच! अगं, तो अख्खा मोसम बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया थुंकला. त्याचं तोंड आपल्या दंडावर कोण चिकटवून घेईल?”

“मी नाही घेतलं,” शेजारून लिओ म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं. लिओ खुर्चीवरून उठून जवळ आला होता. त्रेचाळीस वर्षांचा थोराड माणूस, ओठांवर कांदा लागलेला.

“हॅच निघाला की मी त्याला खणात टाकायचो. अजून असेल आईकडे. आणि बार्बर निघाला की...” त्याने नकळत आपला उजवा दंड चोळला. “घरापर्यंतसुद्धा दम नसायचा. दुकानाच्या पायरीवरच. पाणी नसलं तर थुंकी लावून. आईला सांगून आम्ही जास्तीचे पाव आणवायचो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कुत्र्यानेसुद्धा पाव खाणं सोडलं होतं.”

रेजिनाने भिंग खाली ठेवलं. “लिओ, सहा वर्षं तू माझ्या शेजारच्या टेबलावर बसतोस.”

“बसतो की.”

“मी मासिकात चारदा विचारलं. चौकटीत. एकोणीस नंबरबद्दल.”

“‘एकोणीस नंबरचा छाप कुणाकडे आहे का?’ असं विचारलंस, मास्तरीणबाई. माझ्याकडे नव्हता.” त्याने खांदे उडवले. “कुणाला लावला होता का, असं कुठे विचारलंस? आणि तुझा लेख इतका छान होता. मला वाटलं, मलाच चुकीचं आठवतंय.”

रेजिना खाली बसली. घड्याळात बाराला पाच कमी होते. तिने पोस्टाचं बंद पाकीट उचललं, नखाने कड उकलली आणि कागद बाहेर काढले. ती दोन वाक्यं तिला शोधावी लागली नाहीत. एकदा तिने ती वाचली. वाक्यं अजूनही चांगलीच होती. मग तिने पेनाचं टोपण काढून त्यांच्यावर सरळ, पट्टीने मारावी तशी रेघ मारली. आणि समासात, तिच्या ठाशीव अक्षरांत, लिहायला लागली.

ओडेसाबाई पुढे वाकल्या. “मोठ्याने वाच. माझा चष्मा घरी राहिलाय.”

“‘एकोणीस. लुसिअस बार्बर, कॅचर. छापला होता. मागे मी याउलट लिहिलं ते चूक होतं. मी फक्त उरलेले छाप मोजले. न वापरलेला एकही आढळत नाही, आढळेल असंही वाटत नाही. गावातल्या पोरांनी सगळे लावले.’”

ओडेसाबाईंनी हातमोजे उचलले, बोटांत घातले, पुन्हा काढले.

“‘सगळे लावले’ आणखी एकदा वाच.”

रेजिनाने वाचलं.

“राहू दे तसंच,” त्या म्हणाल्या. “फुलं बिलं लावू नकोस त्याला.”

“नाही लावणार. लायब्ररीलाही मीच पत्र लिहिते. तो ठळक कागद सोमवारी उतरेल.”

“ते मी उतरवीन. मला अजून शिडी चढता येते.”

एवढ्यात टेबलाखालून नेल रांगत बाहेर आली आणि ओडेसाबाईंच्या निळ्या कोटाला धरून उभी राहिली. तिने बाही वर सारून आपला दंड त्यांच्यापुढे केला. नाश्त्याच्या लाह्यांच्या खोक्यातून निघालेल्या छापाचं पिवळं बदक त्यावर अर्धवट फिकटलं होतं. भोवतालची कातडी लाल झाली होती.

“अरे वा! कोण हे?” ओडेसाबाईंनी दंड अलगद हातात घेतला. “आणि याला एवढं कुणी घासलं?”

“मीच,” रेजिना म्हणाली. “उद्या तिच्या आजीकडे जायचंय. त्यांना असलं चालत नाही. सकाळी दगडानेच घासायची बाकी राहिले होते.”

“घासू नये गं. जातं ते आपणहून. चार-पाच दिवस.” त्यांनी बदकाच्या पोटावर अंगठा ठेवला. “लुसिअसलाही लावला होता पोरांनी. त्याच्याच दंडावर त्याचंच तोंड. म्हणायचा, अंघोळीला लाज वाटते.”

लिओने कागद पाकिटात घालून ते नीट चिकटवलं, आपली टोपी घातली आणि कुणी काही म्हणायच्या आत पोस्टाच्या वाटेला लागला.

त्या संध्याकाळी नेलला टबात बसवल्यावर रेजिनाने साबणाचा फेस केला. पाठ, मान, मग दोन्ही कान. उजव्या दंडाशी आल्यावर तिने फडकं बाजूला ठेवलं, दोन बोटांनी कडेकडेने गोल फिरवत धुतलं, आणि बाहेर काढल्यावर टॉवेलच्या कोपऱ्याने बदक टिपून घेतलं.