शिंपीणबाईंच्या दातातला मसाला

मित्रांनो, मी दाताच्या मुळात राहतो, म्हणून तुम्ही मला कधी पाहिले नसेल. लोक मला मसाला म्हणतात, डॉक्टर सिमेंट म्हणतात. आता फार थकलो आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो.

जस्ताची भुकटी आणि लवंगेच्या तेलाचा अर्क काचेवर घोटून दातांच्या डॉक्टरांनी मला तयार केले. घोटायचे पाते वर उचलल्यावर माझी बारीक तार निघाली, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले. एका शिंपीणबाईंच्या पुढच्या दाताचे रूट कॅनल चालले होते. मुळातली कुजकी नस काढून तिथे रबरी काडी बसवली आणि तिच्याभोवतीच्या फटींत मला भरले.

ओला होतो तेव्हा माझा काय तोरा होता! कोपऱ्यात दडलेल्या बुरशीला मी सळो की पळो करून सोडले. पण वाळून घट्ट झालो आणि तो जोर ओसरला. नुसता फट बुजवून बसून राहिलो. डॉक्टरांना हे ठाऊक होते.

"वरचं भरण तात्पुरतं आहे. कॅप बसवायला या, आणि दाताने दोरा तोडू नका," त्यांनी बजावले.

बाईंची कळ थांबली आणि कॅपचा विषयही मागे पडला. कात्री शोधायचा कंटाळा, मग दोरा दातानेच तोडायचा.

"वहिनी, कात्री काय शोभेला ठेवलीय?" नणंद चिडवायची.

"अगं, आता दुखतंय कुठे?"

रोजच्या दोऱ्याने वरचे भरण झिजले. लाळ झिरपू लागली आणि तिच्याबरोबर बुरशी आली. मी जागा सोडली नाही, पण लढायला अंगात काही उरलेच नव्हते. शेवटी हिरडी सुजली, तेव्हा बाई नणंदेचा हात धरून दवाखान्यात आल्या.

"दात जाणार का हो?" बाईंनी विचारले. समोरचाच दात, गिऱ्हाइकांशी बोलायचे कसे?

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "वाचेल. पण आतला जुना मसाला सगळा काढून नवा भरावा लागेल. आणि या वेळी कॅप बसवल्याशिवाय सोडणार नाही."

म्हणजे मी जाणार. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण सुटल्यासारखेही वाटले.

मित्रांनो, दुखणे थांबले म्हणजे काम संपले असे समजू नका. डॉक्टर परत बोलावतील तेव्हा जा. माझ्या जागी येणारा ताजा असेल, जोमात असेल. तोही एक दिवस वाळणारच आहे. त्याला एकट्याला सोडू नका.