मान खाली

ट्रे घेऊन स्वरदा पुन्हा हॉलमध्ये आली आणि पुन्हा तिने मान वर केली.

"खाली बघ," शुभदा म्हणाली.

"ट्राय करतेय, आई. उद्या आर्वोला ऑडिशन आहे." दुपारला ती इथल्या ऑस्ट्रेलियन मुलांसारखं 'आर्वो'च म्हणायची.

शाळेत ट्यूडर काळावरचं नाटक बसत होतं. पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या मुली काय शिकायच्या, तर शिवण, प्रार्थना, घर चालवणं आणि गप्प बसणं. लग्न बाप ठरवेल त्याच्याशी. त्यातल्या थोरल्या मुलीचं काम स्वरदाला हवंच होतं, पण पाहुण्यापुढे पेले आणून ठेवायचा प्रवेश काही केल्या जमत नव्हता.

"आण इकडे." शुभदाने ट्रे घेतला. पाहुणा म्हणून नवऱ्याला, यतीनला, सोफ्यावर बसवलंच होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आली ती कुणी वेगळीच. ऑफिसात भल्याभल्यांना कामाला लावणारी ही बाई लहान लहान पावलं टाकत आली, आवाज न करता ट्रे टीपॉयवर ठेवला आणि जमिनीकडे बघत उभी राहिली.

"ओ माय गॉड. हे कुठे शिकलीस?"

"पुण्यात. बाबा मला बघायला आले होते तेव्हा. ट्रेमध्ये पोहे होते."

"अगदी अशीच उभी होती," यतीन कौतुकाने म्हणाला.

"मला फक्त तुझे मोजे दिसले होते. डाव्याला भोक होतं."

यतीनने नकळत पाय मागे ओढले.

स्वरदा पुन्हा आत गेली. या खेपेला पावलं बरोबर पडली, मानही झुकली. ट्रे ठेवला, आणि तिने थेट यतीनच्या तोंडाकडे पाहिलं.

"सॉरी. पण बघितल्याशिवाय कसं कळणार, ही इज नाइस ऑर नॉट?"

 पुण्यात तेव्हा हा प्रश्न शुभदाला पडलाच नव्हता, आणि पडला असता तरी तिने तो विचारला नसता. या पोरीला मान ताठ ठेवायला तिने मुद्दाम कधी शिकवलं नव्हतं. फक्त, ती खाली घाल असं कधी सांगितलं नव्हतं. तिचा ऊर भरून आला.

"राहू दे. तुला नाही जमायचं हे."

स्वरदाचा चेहरा पडला. "इज इट दॅट बॅड?"

"फारच." स्वरदाच्या पोहण्यातल्या मेडलबद्दल पुण्याला फोनवर सांगताना शुभदाचा आवाज असाच लागायचा. "दुसरं काम माग उद्या. समोर बघणाऱ्या कुणाचंही."

मग ती यतीनच्या समोर ऐसपैस बसली आणि ट्रेमधला पहिला लॅमिंग्टन केक तिनेच उचलला.