बाई आल्प्सला पुन्हा जातात

भूगोलाच्या बाईंनी आल्प्स पर्वत आयुष्यात पाहिलेला नव्हता, आणि ही गोष्ट शाळेत कुणालाच माहीत नव्हती. शाळेच्या लेखी त्या तिथे एकदा जाऊन आल्या होत्या.

झालं होतं असं. एकोणीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात हिमनदीचा धडा चालू होता. बाई फळ्यावर निळ्या खडूने सरोवर काढत होत्या. सरोवर त्या फार देखणं काढायच्या; शिपाईसुद्धा ते पुसायला कां-कूं करायचा. तेवढ्यात मागून प्रश्न आला, "बाई, तुम्ही पाहिलंय का हे?" बाई वर्गाला पाठमोऱ्या होत्या, आणि पाठमोरा माणूस बेसावध असतो. त्या "हो" म्हणाल्या. खोटं बोलायचा त्यांचा काही बेत नव्हता. त्यांना सरोवराचा काठ पुरा करायचा होता, आणि 'नाही' म्हटलं असतं तर आणखी चार प्रश्न आले असते. 'हो' म्हटल्यावर आठ आले.

बोट होती का? होती. बोटवाला होता का? बोट आहे म्हटल्यावर बोटवाला असणारच. म्हातारा होता? बरं, म्हातारा. पुढच्या वर्षीच्या आठवीने मागच्या आठवीकडून ऐकून बोटीची गोष्ट मागून घेतली, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत तो म्हातारा चांगला अंगापिंडाने भरला. तो तळ्याच्या मधोमध बोटीचं इंजिन बंद करायचा आणि कानाला हात लावून खुणेने सांगायचा, आता ऐका. "मग काय ऐकू आलं, बाई?" वर्ग श्वास रोखून विचारायचा. "काहीच नाही," बाई म्हणायच्या. आणि चाळीस मुलं खरोखरच अर्धा मिनिट गप्प बसायची. बाईंच्या सबंध नोकरीत इतकं गप्प त्यांना दुसऱ्या कशाने बसवता आलं नव्हतं.

आता बाईंना त्रेपन्नावं लागलं होतं, आणि त्या खरोखरच आल्प्सला निघाल्या होत्या. यात त्यांच्या नवऱ्याचा हात होता. नवरा लिफ्टची देखभाल करायचा. "तीस वर्षं नुसता वर-खाली करतोय," तो एक दिवस जेवताना म्हणाला, "एकदा तरी आडवं कुठेतरी जाऊ." अकरा दिवस ठरले. सुट्टी संपल्यावरचे तीन दिवस रजा लागणार होती, म्हणून बाई अर्ज घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

"पुन्हा?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हौस आहे हो तुम्हाला!"

बाई हसल्या. एवढंच. पण मुख्याध्यापिकांचा आवाज पहिल्यापासून मैदानाच्या मापाचा, आणि शिक्षकांची खोली शेजारी. बाई तिथे पोचेपर्यंत गणिताचे सर उभे राहिलेले होते.

गणिताचे सर म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेल्या पेपरांच्या बेरजा पुन्हा करून बघणारे गृहस्थ. स्वतःच्या लग्नात मुहूर्त सांगितला तेव्हा त्यांनी आधी दोन पाहुण्यांची घड्याळं जुळवून पाहिली, असं त्यांची बायकोच सांगायची.

"बाई, आम्ही दोघं दोन वर्षं याच प्रवासाचं मनात घेऊन बसलोय," सर म्हणाले. "पण माहितगार माणूस बरोबर असल्याशिवाय मी उंबरठा ओलांडत नाही. तुम्ही निघालाच आहात. आम्हाला बरोबर घ्या."

"अहो सर, मला जाऊन फार वर्षं झाली..."

"डोंगर काय हलतात थोडेच? रविवारी येतो. तुम्ही फक्त दिवसवार टिपण करून ठेवा."

संध्याकाळी बाईंनी हे घरी सांगितलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग सांग की त्यांना. नाही गेले म्हणावं."

"एकोणीस वर्षांनी?"

"वीस व्हायच्या आत सांगितलेलं बरं."

"अहो, तुम्हाला चेष्टा सुचतेय. मुलं काय म्हणतील? माझ्या हातून शिकून गेलेल्यांपैकी दोन जण आज भूगोल शिकवतायत. एकाने तर मला पत्र लिहिलं होतं, मी बोटीच्या गोष्टीमुळे हा विषय घेतला म्हणून."

नवऱ्याने ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

बाईंनी मग ठरवलं की टिपणच असं चोख करायचं की कुणाला शंका यायला जागाच राहू नये. आठवडाभर त्या शाळेतून आल्या की बसत. नकाशा, पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, बोटींची वेळापत्रकं. कुठल्या तळ्याच्या कुठल्या काठावर सकाळी ऊन येतं, इथपर्यंत त्यांनी वाचून काढलं. शनिवारी दुपारी त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, लाल शाईने मथळे दिले आणि वाचून पाहिलं. त्यांना ते अगदी नैसर्गिक वाटलं. सव्वीस वर्षं शिकवताना ज्या क्रमाने आल्प्स त्यांच्या डोक्यात होता त्याच क्रमाने तो कागदावर आला होता.

रविवारी सर सपत्नीक आले. बरोबर नकाशा, पट्टी, टोक काढलेली पेन्सिल. चहा व्हायच्या आत टेबलावरचं सगळं बाजूला सारून त्यांनी नकाशा पसरला.

"आधी एक बारीकसं विचारतो," सर म्हणाले. "त्या उत्तरेकडच्या तळ्यावर उतरलो, की बोटीचा धक्का कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," बाई म्हणाल्या.

"स्टेशनात शिरताना डावीकडे, का बाहेर पडताना?"

"बाहेर पडताना."

"पायी किती मिनिटं?"

"सात."

एव्हाना चहा आला होता आणि नवरा कपात चमचा फिरवत होता. त्याच्या कपात साखर नव्हती. मधुमेहामुळे सहा वर्षं तो साखर घेतच नव्हता. सरांनी 'डावीकडे, सात' असं लिहून घेतलं, मग नकाशावर वाकून पाहिलं, आणि खोडरबर शोधायला लागले.

"हं, आता वाचा. मी रेघ ओढत जातो."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिला आणि दुसरा दिवस, हिमनदी. सरांनी नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका दिला. तिसरा दिवस, हिमनदीने कोरलेली दरी. हा ठिपका पार उजव्या टोकाला, डोंगरापलीकडे पडला. सरांनी पट्टी लावली, रेघ ओढली. चौथा दिवस, लोंबती दरी आणि धबधबा. रेघ परत डावीकडे आली. पाचवा आणि सहावा, सरोवर, उत्तरेकडचं. सातवा, नदीचा उगम. आठवा, सरोवर, दक्षिणेकडचं. म्हणजे डोंगर ओलांडून पलीकडे. नववा आणि दहावा, डोंगराळ भागातील लोकजीवन व व्यवसाय. म्हणजे परत अलीकडे.

"बाई," सर पेन्सिल उचलून म्हणाले, "आपण हा डोंगर चार वेळा ओलांडतोय. काही विसरतोय का आपण पलीकडे?"

"त्या बाजूचं हवामान वेगळं असतं ना," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"असेल. पण अकरा दिवसांतले साडेचार दिवस आपण बोगद्यात आहोत. बोगद्यातलं हवामान सगळीकडे सारखंच असणार. बरं, अकरावा दिवस?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. आपण काय लिहिलंय ते त्यांनी त्या क्षणी पहिल्यांदा नीट वाचलं. त्यांनी कागद खाली ठेवला, तेव्हा सरांच्या बायकोने मान वळवून स्वतःच वाचलं.

"अकरावा दिवस," ती म्हणाली, "उजळणी."

"ही आठवीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका आहे," सर म्हणाले. त्यांचा स्वर आरोपाचा नव्हता. उत्तर सापडल्यावर येतो तसा होता.

"मग स्वाध्याय कुठल्या हॉटेलात करायचाय?" सरांची बायको म्हणाली आणि तिला हसू आवरेना. बाईंचा नवराही हसला. बाई हसल्या नाहीत, म्हणून दोघंही थांबले.

"मी गेलेले नाही तिथे," बाई म्हणाल्या. "कधीच नाही. एकदा तोंडातून हो गेलं, आणि मग तेच चालू राहिलं. तुम्हाला फसवायचं नव्हतं, सर. तुम्हाला दुसरा माहितगार बघावा लागेल."

सरांनी चष्मा काढून पुसला. पण त्यांच्या बायकोने त्यांना बोलूच दिलं नाही. "छे छे, दुसरा कशाला? बरं झालं, बाई. माहितगाराबरोबर गेलं की जिथे-तिथे 'मागच्या वेळी असं नव्हतं हं' ऐकावं लागतं. आता आपण चौघंही सारखेच अडाणी. फक्त ही रेघ तेवढी यांना नव्याने काढू द्या."

सरांनी रेघ खोडली आणि नवी काढली. ती एका बाजूने डोंगरात शिरत होती, दुसऱ्या बाजूला तळ्याकाठी बाहेर पडत होती आणि मागे वळून बघत नव्हती. हे काम त्यांनी वीस मिनिटांत केलं. निघताना दाराशी ते थांबले, आवाज खाली आणला आणि अतिशय सज्जनपणे म्हणाले, "काळजी करू नका, बाई. ही गोष्ट माझ्याकडून बाहेर जाणार नाही."

त्या एका वाक्याने बाईंची झोप उडाली. निवृत्तीला पाच वर्षं होती. पाच वर्षं सर प्रत्येक बैठकीत समोर बसणार, बाईंनी काहीही म्हटलं की त्यांच्याकडे समजूतदारपणे बघणार, आणि काहीही बोलणार नाहीत. सर चुगलखोर असते तर बाईंना सोपं गेलं असतं. सज्जन माणसाच्या पोटात आपलं गुपित राहिलं की ते काढून घेता येत नाही.

सोमवारी तिसऱ्या तासाला बाई आठवीच्या वर्गात गेल्या, फळ्याकडे पाठ केली आणि सांगून टाकलं. मी आल्प्स पाहिलेला नाही. बोटीची गोष्ट मी रचलेली आहे. पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदाच जाणार आहे.

बाईंनी रात्रभर वर्गाची निरनिराळी तोंडं डोळ्यांपुढे आणली होती. प्रत्यक्षात निम्मा वर्ग ऐकतच नव्हता. खिडकीजवळच्या एकाने हात वर केला.

"बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?"

"तेच. पुस्तकातलं सगळं खरं आहे."

"मग काही प्रश्नच नाही," तो म्हणाला आणि बसला.

बाईंना हायसं वाटणार तोच त्यांचं दुसऱ्या बाकाकडे लक्ष गेलं. तिथे बसणारी चष्मेवाली मुलगी एरवी धड्याच्या मधेच शंका विचारून बाईंचा जीव खाणारी. आज तिने वही मिटून ठेवली होती आणि ती बाकाकडे बघत होती.

"काय गं?"

"त्याने इंजिन बंद केलं होतं, तेपण?" मुलीने विचारलं.

"तेपण."

"मी आमच्या आजोबांना सांगितलं होतं ते. त्यांना दिसत नाही. ते म्हणाले, अशा ठिकाणी मला नेलंस तरी चालेल, तिथे बघायचं नसून ऐकायचं आहे."

बाईंना बसावंसं वाटलं, पण खुर्ची लांब होती. वर्गातली कुजबुज थांबली. निम्मा न ऐकणारा वर्गही आता ऐकू लागला.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

मुलीने मान वर केली. "आम्ही खोटं बोललो की तुम्ही डायरीत लिहायला लावता," ती म्हणाली. "आणि घरून सही आणायला सांगता."

कुणीतरी खुसकन हसलं. बाईंनी मात्र टेबलावरून स्वतःची डायरी उचलली, उभ्याउभ्याच लिहिलं, आणि वर्गाला वाचून दाखवलं: 'मी न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली.'

संध्याकाळी त्यांनी डायरी नवऱ्यापुढे ठेवली. त्याने चष्मा चढवला, ती दोनदा वाचली, आणि कुठलाही प्रश्न न विचारता लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "शाळेत मला कधी कुणी पालक म्हणून बोलावलं नाही. पहिल्यांदाच मान मिळतोय."

मंगळवारी बाईंनी डायरी नेऊन दुसऱ्या बाकावर ठेवली. मुलीने ती दोन्ही हातांनी धरून वाचली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"'तपासले. दोष दूर केला. पुढील तपासणी सहा महिन्यांनी,'" तिने वाचलं. "हे काय, बाई?"

"ते लिफ्ट दुरुस्त करतात. प्रत्येक लिफ्टच्या कार्डावर असंच लिहावं लागतं. हाताला वळण पडलंय."

मुलीने बाईंच्या हातातलं पेन मागून घेतलं.

"सहा महिने नको. तोपर्यंत आम्ही नववीत जाऊ." तिने 'सहा महिन्यांनी' वर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात दुरुस्ती केली. "परत आलात की पहिल्याच तासाला. आजोबांना मी आत्ता काहीच सांगत नाही. तुम्ही आधी तिथे जाऊन ऐकून या."