गिटारची खोड

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा माणूस म्हणजे मांडवाची बल्ली. उभी आहे तोवर तिच्याकडे कोणी बघत नाही. मी बारा वर्षं बल्ली होतो, गोंदियाच्या हुकुमचंद पटलेंच्या ऑर्केस्ट्रात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि जिथे मंडई तिथे आमची गाडी. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम, मेमध्ये लग्नं. लोक गायिकेच्या साडीबद्दल बोलायचे, ढोलकीवाल्याच्या हाताबद्दल बोलायचे. मला एका गावच्या सरपंचानं एकदाच काय ते विचारलं, "तुमची मशीन बंद आहे काय जी? आवाजच नाही येऊन राहिला." मी त्याला हसून हो म्हटलं आणि रात्रभर मनात शिव्या दिल्या.

माझी गिटार चार तारांची, तपकिरी, तुमसरच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेली. त्यानं विकताना रीतीप्रमाणे तिची खोड सांगितली होती. आमच्याकडे बैल विकणारा माणूस खोड सांगतो. हा पाण्याला भितो, तो डावीकडे ओढतो. इकडच्या वादकांनी तीच रीत उचलली. विकणाऱ्यानं आधी एक गाणं वाजवून दाखवायचं, मग वाद्यावर हात ठेवून खोड सांगायची. सांगितलेली खोड घेणाऱ्याची, आणि न सांगितलेली विकणाऱ्याच्या मानेवर.

माझ्या गिटारची खोड अशी, की ऊन लागलं किंवा वरून मोठे दिवे तापले की तिची मान वाकायची आणि सूर उतरायचा. थोडाच, पण कानाला खुपेल इतका. "मोकळी तार वाजवू नको," म्हातारा म्हणाला होता, "अन् बोटानं तार जराशी ढकलत जा. सूर चढते." पहिलं वर्ष मी दात खाऊन तार ढकलली. तिसऱ्या वर्षापासून बोटं आपली आपणच ढकलायला लागली, आणि मला खोडीची आठवणही राहिली नाही. म्हणजे राहिली नाही असं मी स्वतःला सांगतो.

दोन हजार आठ साली आमच्या उमेंद्रनं नवा कीबोर्ड आणला. त्याच्या डाव्या हाताला बेसचा आवाज लावता येत होता, आणि तो माझ्या गिटारपेक्षा खाली उतरत होता. त्यानं पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार! दुसऱ्या दिवशी हुकुमचंदभाऊंनी मला चहाला बोलावलं.

"देख राजदीप," ते म्हणाले, "गाडीत सीट नऊ. उमेंद्र एका हातानं तुझं काम करून राहिला. तू पाच तारवाली आण. जमीन हालली पायजे. नाही तं या सीझनले घरीच राय."

"भाऊ, बारा वर्षं झाले."

"म्हणूनच तं चहा पाजून सांगून राहिलो. दुसऱ्याले फोनवर सांगतलं असतं."

रायपूरला एका दुकानात पाच तारांची एक जुनी गिटार होती. दुकानदार सोमवारपर्यंत ठेवतो म्हणाला. तोवर माझी विकली नाही तर तीही गेली आणि सीटही गेली. मी चार ठिकाणी निरोप धाडले. आला एकटा दुधराम.

दुधराम चिचगडचा. थोडी शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि त्याच्या गोंड समाजाच्या गाण्याच्या पार्टीत मागून आणलेल्या गिटारवर बेस. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, पण वाजवणारा म्हणून मला मान द्यायचा. शिकला कोणाकडे नाही, पण कान असा की विचारू नका. चिचगडच्या स्टँडवर पाठमोरा बसून, नुसत्या हॉर्नवरून सांगायचा की देवरीची गाडी आली की साकोलीची, आणि ड्रायव्हर कोण आहे. पोरं पैज लावून हरायची. मला त्याच्या कानाचा हेवा वाटायचा, आजही वाटतो.

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. पूस महिन्याची थंडी होती. मी गिटार मांडीवर घेतली, एक गाणं वाजवलं. दुधराम डोळे मिटून ऐकत होता. गाणं संपल्यावर त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "खोड सांग, राजदीपभाऊ."

मी गिटारवर हात ठेवला. आत माझी बायको अल्का तांदूळ निवडत होती; सुपाचा आवाज थांबला.

"काही नाही," मी म्हणालो. "गाय आहे गाय."

दुधराम हसला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. खोड सांगितली असती तरी त्यानं ती घेतली असती, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त सोमवार दिसत होता.

तो गेल्यावर अल्का बाहेर आली. "अजी, खोड काऊन नाही सांगतली?"

"त्यात सांगाचं काय? वाजवता वाजवता समजते."

"तुमाले सांगतल्यावर समजली होती," ती म्हणाली आणि आत गेली. मला तिचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

रायपूरची गिटार आली. मंडईत जमीन हालली. हुकुमचंदभाऊंनी आमगावला स्टेजवरून माझं नाव घेतलं, बारा वर्षांत पहिल्यांदा. गाडीत माझी सीट खिडकीपाशी आली. मी मजेत होतो. अधूनमधून चिचगडचा कोणी भेटला की काळजात चर्र व्हायचं, पण तेही मी तंबाखूबरोबर थुंकून टाकत होतो.

माघ पौर्णिमेला कचारगडला गोंडांची जत्रा झाली. त्यानंतर आठेक दिवसांनी, आभाळ भरून आलेलं असताना, दुधराम दारात उभा राहिला. गिटार घोंगडीत गुंडाळलेली, लेकरासारखी छातीशी धरलेली.

"जय भीम, राजदीपभाऊ." तो नेहमी माझ्या समाजाचा नमस्कार घालायचा, मी त्याच्या.

"जय सेवा, दुधरामदादा. या, बसा."

बसला नाही. आधी त्यानं घोंगडी सोडली, गिटार माझ्या खाटेवर ठेवली आणि मग खाली टेकला. "तुझी वस्तू तुले परत आणली," तो म्हणाला. "चांगल्या वस्तूनं चांगल्या हातात राहावं."

"काय झालं?"

"जत्रेत वाजवाले बसलो. भर दुपारचं ऊन, सारा समाज समोर. पयलं गाणं बराबर गेलं. दुसऱ्याले पेटीवाला माझ्याकडे पाहाले लागला. तिसऱ्याले गाणाऱ्या बाया थांबल्या. मी सूर लावला, घडीभरात पुन्हा गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. मंग माझे मामा स्टेजवर आले, माझ्या हातावर हात ठेवला अन् म्हणाले, बस कर बाबू, तुझ्या कानात बिघाड आला."

तो हे सगळं हसत सांगत होता. मला वाटत होतं, यानं मला दोन थोबाडीत माराव्यात.

"देवरीले डाक्टरले दाखवला कान. धुतला त्यानं. म्हणते साफ आहे." त्यानं बोटानं कपाळाला टिचकी मारली. "मंग तं बिघाड इथंच असन. आता स्टँडवर बसतो ना, तं हॉर्न ऐकला तरी गाडी कोणती ते सांगत नाही. पोट्टे इचारतात. भरवसाच नाही राहिला आपल्यावर."

अल्का चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. मी गिटारवर हात ठेवला. दोन महिन्यांपूर्वी ठेवला होता तिथेच.

"दुधरामदादा, कान तुमचा बराबर आहे. खोड गिटारले आहे. ऊन लागलं का मान वाकते, सूर उतरते. पयलेपासून आहे. मले मालूम होतं. मी सांगतलं नाही."

बोललो एकदाचा. हलकं वाटलं. आता तो शिव्या देईल, पार्ट्यापार्ट्यांत माझं नाव घालवेल, हुकुमचंदभाऊंच्या कानावर जाईल. जाऊ दे, म्हटलं.

दुधरामचे डोळे भरून आले.

"मन राखून राहिला माझं," तो म्हणाला.

"नाही हो! खरं सांगून राहिलो!"

"खोड असती तं तू सांगतली असती. तू काही बाजारातला दलाल नाही. रीत पाळणारा माणूस आहेस."

"भाऊजी, खरं आहे," अल्का म्हणाली. "मी आतून ऐकलं होतं. यायनं मुद्दाम नाही सांगतली."

"वयनी, तुमी बी?" दुधराम खरंच हसला. "नवरा-बायको मिळून माझी समजूत घालून राहिले!"

मी गिटार उचलली. ऊन नव्हतं, ऐन माघात आभाळ गच्च, अंगणात गारठा. बैल बाजारात शहाण्यासारखा उभा राहतो, तशी ती माझ्या हातात होती. तार छेडली, सूर चोख. मग मला सुचलं. अल्कानं न्हाणीसमोरच्या चुलीवर पाणी तापत ठेवलं होतं. मी जाऊन गिटारची मान थेट जाळापाशी धरली.

"अजी!" अल्का ओरडली.

दुधराम धावत आला. त्यानं गिटार माझ्या हातातून हिसकली, शर्टाच्या बाहीनं मानेवरची राख पुसली. "येडा झाला काय? चांगली वस्तू जाळून राहिला, तेही माझ्यासाठी? एवढं नको करू रे भाऊ."

"दादा, तुमी बसा. ऐका. आत्ता दाखवतो."

मानेला ऊब लागली होती. मी वाजवायला सुरुवात केली, आणि गाणं सरळ गेलं. एकही सूर हलला नाही. मग माझ्या लक्षात आलं. माझी बोटं तार ढकलत होती. बारा वर्षांची सवय, खोड दिसली की झाकायची. मी मनात म्हटलं, झाकू नका रे, आज झाकू नका. बोटं ताठ ठेवून वाजवायला गेलो तर ठेकाच चुकायला लागला, आणि ठेका धरला की बोटं पुन्हा ढकलत होती. मग मोकळी तार छेडली. ती उतरलेली होती! नक्कीच उतरलेली होती.

"ऐका! उतरली ना?"

दुधरामनं मान तिरपी केली, जुन्या सवयीनं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. मग त्यानं मान खाली घातली.

"मले आता काय समजते त्यातलं," तो म्हणाला.

मी गिटार त्याच्यापुढे धरली. "तुमी वाजवा. तुमच्या हातात समजते."

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाही. मी नाही लावत हात आता."

त्याचे पैसे परत देतो म्हणालो, कसेही करून. तो रागावला. वस्तूत खोड नाही तर पैसे कशाचे, म्हणाला. चहा प्याला, अल्काला नमस्कार केला, रिकामी घोंगडी खांद्यावर टाकली आणि चारच्या गाडीला निघाला. मी स्टँडपर्यंत बरोबर गेलो. लांबून हॉर्न वाजला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो गाडी दिसेपर्यंत बसून राहिला, पाटी वाचली आणि मग उठला.

पुढच्या दिवाळीनंतर चिचगडच्या मंडईचं बोलावणं आलं. मला ताप आहे असं सांगणार होतो. हुकुमचंदभाऊंनी ऐकलं नसतं. दुपारी चारला कार्यक्रम होता. स्टेजवर वायरी लावत होतो, तेवढ्यात खालून हाक आली. दुधराम होता, खुर्च्या मांडत होता. समाजाच्या पार्टीत आता बेस नव्हता. त्यानं चार-पाच म्हातारी माणसं ओढून स्टेजपाशी आणली, त्यात त्याचा मामाही होता.

"हा पाहा राजदीप," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझा कान गेला तवा माझं मन राखाले यानं आपलीच गिटार खोटी आहे म्हणून सांगतलं. चुलीत घालाले निघाला होता. एवढा दिलदार माणूस मी पायला नाही!"

मामांनी मला हात जोडले. मागच्या दोन-तीन बायांनी माना डोलावल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी वाजवली. हुकुमचंदभाऊ विंगेतून खूश होऊन बघत होते.

बेसवाल्यापुढे माइक नसतो. पण अनाउन्सरचा माइक चार पावलांवर उभा होता, आणि चालू होता. मी त्यातला घों घों आवाज ऐकत होतो. ही सगळी माणसं समोर होती, ज्यांनी जत्रेत त्याला उठवलं होतं तीही. त्यांना पटलं असतं तर त्यालाही पटलं असतं. चार पावलं होती.

उमेंद्रनं सूर दिला. मी वाजवायला लागलो. खाली दुधराम खुर्ची पकडून उभा होता आणि दुसरे टाळ्या वाजवतील तेव्हाच वाजवत होता.