बाकाचं तोंड बंदराकडे

बायको गेली ती दुपारी, आणि खूणवाल्याला कळलं संध्याकाळी. दुपारी त्याला दिसली होती ती नुसती रुग्णवाहिका, तीही बंदराच्या धक्क्यावरून, पाण्यापलीकडे. धक्क्याच्या समोर भराव घालून, ट्रकनं वाळू आणून ओतून एक चौपाटी केली होती. मागे हिरवळ, कारंजं, आइस्क्रीमच्या गाड्या. तिथं ती गाडी दिवे फिरवत उभी होती.

"कुणीतरी ऊन खायला आलं आणि अजीर्ण झालं," तो क्रेनवाल्याला म्हणाला.

क्रेनवाला पोट धरून हसला. मग दोघांनी उरलेले कंटेनर उतरवले. धक्क्यावर फोन जवळ ठेवायची मुभा नसते. पाळी संपल्यावर त्यानं कपाट उघडलं, तेव्हा लेकीचे फोनवर फोन येऊन गेले होते.

बायको दुपारची फिरायला जाते एवढं त्याला ठाऊक होतं. कुठं जाते, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. लेकीनं सांगितलं, "आई त्या चौपाटीच्या टोकाला बसायची, कठड्यावर. तिथून क्रेन दिसतात. तुमचं केशरी जॅकेट ओळखू येतं म्हणायची."

"केशरी जॅकेट सगळेच घालतात."

"हात तुमच्यासारखे कुणी हलवत नाही म्हणायची, बाबा."

हात हलवणं हेच त्याचं काम होतं. क्रेनच्या घरघरीत आणि वाऱ्यात ओरडून उपयोग नसतो, म्हणून खालचा माणूस हातानं खुणा करतो आणि वरचा त्या बघून वजन उचलतो, फिरवतो, टेकवतो. उभा जन्म त्यानं हेच केलं होतं. त्याचं खरं नाव धक्क्यावर कुणाला आठवत नव्हतं.

लेकीनं आणि जावयानं खटपट करून उद्यानवाल्यांकडून आईच्या नावाचा एक बाक मिळवला. खूणवाल्यानं एकच गोष्ट मागितली. बाक कठड्यापाशी हवा आणि त्याचं तोंड बंदराकडे हवं.

"आपले सगळे बाक हिरवळीकडे बघतात," उद्यानाचा साहेब म्हणाला. "तिकडे काय बघायचं? गंजकं लोखंड?"

"हो, लोखंडच."

साहेबानं जावयाकडे पाहिलं. जावयानं खांदे उडवले. म्हातारा ऐकायचा नाही, हे दोघांनाही कळलं आणि साहेबानं होकार दिला.

बाक बसवायच्या दिवशी खूणवाला पहिल्यांदा त्या चौपाटीवर गेला. बघून त्याला हसू आलं, पण चांगलं नव्हे. पाण्यात उतरू नका अशी पाटी, आणि तिच्याखाली पोहायचे कपडे घालून पडलेली माणसं. पोटाला तेल चोपडून, डोळ्यांवर काळे चष्मे लावून सगळी खुर्च्यांत रेललेली. इकडे वाळूचा किल्ला बांधायला एका बापानं साचा आणलेला. ओली वाळू हातानं थापायचीही ज्यांना अक्कल नाही, ते पोरांना समुद्र दाखवायला निघालेत. आणि सगळ्यांच्या पाठी बंदराकडे! ज्या बोटीतून यांच्या खुर्च्या, चष्मे, तेलाच्या बाटल्या आल्या, ती समोर उभी, तर तिच्याकडे ढुंकून बघायला कुणी तयार नाही.

"बाबा, छान आहे ना?" जावई म्हणाला.

"हौद बांधला असता तर स्वस्तात झालं असतं."

दोन माळी बाक घेऊन आले. साहेब म्हणाला, "हे बाबा सांगतील तसा बसवा," आणि फोन कानाला लावून गेला. खूणवाला सवयीनं लांब जाऊन उभा राहिला. जवळून तिरकं कळत नाही, लांबूनच कळतं. माळ्यांनी बाक फिरवत फिरवत आधी खणलेल्या खड्ड्यांवर आणला आणि पाय आत सोडले. तोंड हिरवळीकडे.

तेवढ्यात बंदरातल्या बोटीनं भोंगा दिला, तो थांबेचना. खूणवाल्यानं छातीपुढे एका हातानं दुसरा हात घट्ट धरला. धक्क्यावर याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल: सगळं जिथल्या तिथं थांबवा, काही हलवू नका.

थोरला माळी ओशाळला. त्यानंही हात जोडले, मान लववली आणि खड्ड्यात सिमेंटचं घमेलं ओतलं.

खूणवाल्यानं हात आणखी घट्ट आवळले. धाकट्या माळ्यानंही हात जोडले आणि दुसरं घमेलं ओतलं. धावत जावं हे खूणवाल्याला सुचलंच नाही. वजन जागेवर बसेपर्यंत खूण करणाऱ्यानं आपली जागा सोडायची नसते.

भोंगा थांबला तेव्हा चारही खड्डे भरले होते.

"उलटा आहे!" तो ओरडला.

"आँ? तुम्ही तर हात जोडून आभार मानत होतात," थोरला माळी म्हणाला.

"आभार? अरे, थांबा म्हणत होतो!"

"असं थांबा म्हणतात होय?" माळी धाकट्याकडे बघून म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

साहेब परत आला, बुटाच्या टोकानं सिमेंट चाचपून म्हणाला, "हे झटकन धरतं. आता बाक उपटायचा तर सिमेंट फोडावं लागेल. पुढं बघू."

लेक एव्हाना बाकावर बसली होती, डोळे पुसत. "असू दे ना, बाबा. इकडे फुलं दिसतात. आईला फुलं आवडायची."

"तिला फुलांनी शिंका यायच्या."

जावई हसला. खूणवाला लेकीशेजारी बसला. समोर एक जाडा माणूस तोंड लाल करून रबरी बदकात हवा भरत होता. असलं बघायला ती इथं येत नव्हती. क्रेन बघायची तर मान पार मुरडावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी पाळीवर क्रेनवाल्यानं विचारलं, "बसला का बाक?"

"बसला."

"दिसतो का इथून?"

"पाठ दिसते."

क्रेनवाला शिडी चढून वर गेला आणि दोघांनी कामाला हात घातला. साहेबाला खूणवाला दोनदा भेटून आला. पुढं बघू, हेच उत्तर मिळालं. बाक अजून फिरवायचा राहिला आहे.