गोधड्यांखाली लपवलेला ड्रम

मित्रांनो, गोधड्यांच्या ढिगाखाली दडवलेला ड्रम कधी पाहिलाय? तो मीच! सोनगीरच्या यशोदाबाईंच्या मोरीजवळ उभा असतो. उन्हाने माझा निळा रंग विटलाय, अंगभर ओरखडे आहेत, पण अजून थेंबभरही गळत नाही हो.

धुळ्याच्या बाजारातून आलो तेव्हा माझ्या डोक्यावर घट्ट झाकण होतं. काय ऐट होती माझी! आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस आला की सगळी गल्ली धावपळ करते. मी काठोकाठ भरलो की यशोदाबाई माझ्या अंगावर थाप मारून म्हणायच्या, "आते काही चिंता नही!" पण एका उन्हाळ्यात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळवायला त्यांनी माझं झाकण गच्चीवर नेलं, ते तिथेच राहिलं.

मग काय, डासांना मोकळं रान! माझ्या आतल्या भिंतीवर त्यांनी अंडी चिकटवली आणि थोड्याच दिवसांत पोटात अळ्यांची वळवळ सुरू झाली. शी! मला किळस यायची. गावातल्या आशा सेविका बेबाबाई टॉर्च घेऊन घरोघरी पाण्याची भांडी तपासत. पण पूर्वी एकदा तपासणीला आलेल्या कुणीतरी यशोदाबाईंचा माझ्याआधीचा भरलेला ड्रम ओतून दिला होता. पुढचं पाणी येईपर्यंत त्यांचे फार हाल झाले. तेव्हापासून त्यांनी धास्तीच घेतली. गल्लीत बेबाबाईंचा आवाज आला की त्या माझ्या तोंडावर पाट ठेवत आणि वर गोधड्या रचत.

"अक्का, आखो काही भांडं शे का?"

"नही वं माय, हाऊ गोधड्यास्ना ढीग शे."

मी आतल्या आत चरफडायचो. अहो, मला बघा की कुणीतरी! पण ड्रमचं कोण ऐकतं?

यशोदाबाईंची नात सारिका नववीत शिकते. दुपारी माझ्या गारव्याला टेकून ती अभ्यास करायची. दिवसा चावणारे ते डास तिच्या पायांवर बसायचे, आणि ते माझ्याच पोटातून उडालेले असायचे. एक दिवस पोर तापाने फणफणली. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला.

खबर मिळताच बेबाबाई आल्या. आजूबाजूच्या प्रत्येक घरात कुणाला ताप आहे का, पाणी कुठे साठलंय, ते त्या पाहत होत्या. त्या आमच्या दारात येताच यशोदाबाईंनी स्वतःच गोधड्या ओढून काढल्या.

"हाऊ देख. मीच लपाडा व्हता. बठ्ठं पानी वती दे, पन मन्ही सारिका घर येऊ दे!" म्हणत त्या रडू लागल्या.

बेबाबाई रागावल्या नाहीत. "रडू नको अक्का. पानी फेकानं नही, गाळी लेऊत," म्हणत त्यांनी पदर खोचला. पाणी फडक्यातून गाळून धुण्याला ठेवलं, अळ्या तापलेल्या कोरड्या मातीवर टाकल्या. मग काथ्या घेऊन मला आतून असं खसाखसा घासलं की अंडी निघालीच, आणि मला गुदगुल्याही झाल्या. झाकण उन्हाने वाकडं झालं होतं. यशोदाबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्या तोंडावर ताणून दोरीने घट्ट आवळला.

सारिका बरी होऊन घरी आली. वाळली होती, पण हसत होती. हल्ली ती पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसते, आणि दुपारी पडली तरी मच्छरदाणी लावते.

परवा बेबाबाई गल्लीत शिरल्या, तर यशोदाबाईंनी दारातूनच हाक मारली, "ओ बेबाबाई, पहिले मन्हा ड्रम देख!" फडकं सुटलं, टॉर्चचा उजेड थेट तळापर्यंत गेला. आत नुसतं नितळ पाणी. माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. पाणी भरण्याआधी त्याला घासा, भरल्यावर त्याचं तोंड बांधा. आणि टॉर्च घेऊन कुणी दारात आलं, तर ड्रमवर गोधड्या टाकू नका. माझ्या गोधड्या आता सारिकाच्या अंथरुणात आहेत. ती माझ्या शेजारी बसून पुन्हा मोठ्याने धडा वाचते, आणि मी कान देऊन ऐकतो.