माती न उलटवणारा फाळ

मी एक जुना फाळ आहे. फाळ म्हणजे नांगराचं लोखंडी टोक, मित्रांनो! बदलापूरजवळ सोनिवलीला हरिचंद्र आणि तुळशी या नवरा-बायकोकडे मी राहतो. भाताच्या खाचरात मी शिरलो की ढेकळं भराभर उलटायची. हरिचंद्र चारचौघांत माझं कौतुक करायचा आणि मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

त्या फुगण्यानंच घात केला. गावाच्या चराऊ रानावर राहत्या घरांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि हरिचंद्र-तुळशीच्या तीन म्हशींना चाऱ्यासाठी घरामागचा उतार तेवढा उरला. तिथलं गवत विरळ झालं, तेव्हा नवं बी पेरायला हरिचंद्रानं उतारही खाचरासारखा नांगरला. खाचराला बांध असतो. उताराला कोण अडवणार? आषाढातल्या पावसानं सैल माती बियांसकट ओढ्यात नेली. चाऱ्यावाचून एक म्हैस विकावी लागली. तुळशी रिकाम्या खुंट्याजवळ बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी ती म्हणाली, "या खेपेला नांगरायचं नाय. आहे ते गवत राहू दे. त्यातच बारीक चीर पाडून बी सोडू."

"येडी झालीस का? नांगरल्याबिगर पेरणी? लोक हसतील!"

"हसू दे. माती गेली तर उरलेल्या दोघी काय खातील, लोकांचं हसू?"

 शेवटी हरिचंद्रानं मला उल्हासनगरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेलं. "काका, फाळ का चाकू बनाना है?" वेल्डिंगवाला हसला आणि त्यानं मला घासून बारीक केलं. मागे बी सोडायची नळी जोडली. अरे देवा, गेली माझी इज्जत, असं मला वाटलं.

मग बैलांमागून मी उतारावर आडवा चाललो. जुनी मुळं जागच्या जागी राहिली. बोटभर चिरेत पवन्या गवताचं बी पडलं. पाऊस कोसळला तसा हरिचंद्र छत्री न घेताच ओढ्याकडे धावला आणि तिथूनच ओरडला, "तुळशे, पाणी नितळ हाय गो!"

तुळशीनं त्या वर्षी म्हशींना उतारावर पाय ठेवू दिला नाही. गुडघाभर गवत ती विळ्यानं कापून आणायची. दोघी म्हशी गोठ्यात आहेत आणि मी मजेत आहे.

मित्रांनो, उतार उघडा करू नका. ओढ्याला गेलेली माती परत आणणारा नांगर कुणी घडवलेला नाही. हे मी, एक फाळ, सांगतो आहे.